एका हाताने सोडायची गाठ

मला भीती वाटली की हसू येतं. गालातल्या गालात नव्हे, चांगलं पोटातून उसळणारं, शेजारच्या घरी ऐकू जाणारं हसू. शाळेत लस टोचायला आले तेव्हा मी इतकी हसले की डॉक्टरांना वाटलं, ही आपली चेष्टा करतेय. मग सुई जवळ आली आणि मी हसता हसताच धाडकन खाली पडले. त्यानंतर चाळीस वर्षं मी सुईच्या वाटेला गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी साऱ्या गल्लीला लशीवर भाषणं दिली आहेत आणि ती वाचून माझ्याबद्दल कुणाला उगाच आदर वाटायला नको.

घरात आम्ही तिघं होतो. आत्या, आतोबा आणि मी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहतो, त्यामुळे घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे "किती जुनी, किती गोड" म्हणतात आणि आमच्याकडे असे बघतात, जणू आम्ही नुकतेच जमिनीतून उकरून काढलेले आहोत. आतोबा रेल्वेच्या पार्सल कचेरीत होते. आयुष्यभर विड्याच्या पानांच्या करंड्या गाडीत चढवून निवृत्त झाले, त्यामुळे हिरव्या पानाबद्दल त्यांची मतं फार कडक होती. आणि माझं दुकान होतं पत्रावळींचं. कागदाच्या पत्रावळींचं. त्यांच्यावर केळीच्या पानाचं चित्र छापलेलं आणि चित्रावर प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा.

"पानाचं चित्र वाढतेस लोकांस," आतोबा म्हणायचे. "उद्या भाताचं चित्र वाढ. शिजवायाचीहि कटकट नको."

साथ आली आणि माझं दुकान असं चाललं की काही विचारू नका. कुणी कुणाच्या ताटाला शिवेना. मी चित्रांची पानं गठ्ठ्यांनी विकली. चोळपुरमकडच्या मळ्यांत खरी केळीची पानं झाडावरच फाटून लोंबत होती आणि माझी खोटी पानं घराघरांत जात होती. पुढे पाऊस पडला तेव्हा आमच्या गल्लीमागचा कालवा तुंबला. मी बघायला गेले, तर पाण्यावर माझाच माल तरंगत होता. चित्रातली पानं जशीच्या तशी, हिरवीगार, एकही कुजलेलं नाही. मला हसू आलं, म्हणजे मी घाबरले होते.

दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला आतोबा लशीच्या रांगेत उभे राहिले. आम्ही दोघी नाही. आत्या म्हणाली, गुडघे दुखतात. मी म्हणाले, दुकान आहे. त्यांच्या पुढे तीन माणसं असताना टोकनं संपली. ते घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "उद्यां." तो उद्या आलाच नाही. आधी ताप आला, मग ॲम्बुलन्स.

इस्पितळातून त्यांचा एकच फोन आला, माझ्या फोनवर. दम लागलेला होता. म्हणाले, "आत्यास घेऊन जा. तूंहि घे. दोघी घ्या. उद्यांवर टाकूं नका." आणि मला हसू आलं. आवरेना. फोन कानाला धरून मी खदाखदा हसत होते आणि स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिकडून आतोबा म्हणाले, "हसतेस काय, गाढवे," आणि फोन बंद झाला. आत्याने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "बरे आहेत, जेवून घ्या म्हणाले." दुसऱ्या दिवशी ते गेले.

तो निरोप मी आत्याला दिला नाही. आधी म्हटलं, दुःखात कशाला. मग म्हटलं, तेराव्यानंतर. खरं कारण सरळ होतं. निरोपात "तूंहि" होतं. आत्याला सांगितलं असतं तर पहिला दंड मलाच पुढे करावा लागला असता.

आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, इकडे मारियम्मनचा उत्सव असतो. नवस बोललेली माणसं देवळात जाऊन मनगटाला हळदीचा दोरा बांधून घेतात. त्याला काप्पु म्हणतात. काप्पु बांधलं की उत्सव संपेपर्यंत देवीची वेस ओलांडायची नाही आणि अंगाला सुई-सुरी लावायची नाही. त्या वर्षी साथीमुळे देऊळ बंद होतं. आत्याने घरीच दोरा हळदीत भिजवला आणि स्वतःच्या हाताने मनगटाला बांधला. आमच्या घरात मारियम्मनचा नवस कुणी कधी बोललं नव्हतं. मी विचारलं, "हें काय नवीन?" ती म्हणाली, "मज वाटलें."

आडी गेला, आवणी गेला, पुरट्टासीही गेला. दोरा मनगटावरच. लशीच्या शिबिराची रिक्षा भोंगा लावून गल्लीत आली की आत्या खिडकीतून हात बाहेर काढून दोरा दाखवायची. भोंगेवाला नमस्कार करून पुढे जायचा.

"आत्या, उत्सव होऊन किती महिने झाले."

"झाला कुठें? देऊळ बंद होतें. उत्सव झालाच नाहीं, तो संपेल कसा?"

 मी पुजाऱ्याला विचारून आले. तो म्हणाला, हळदीच्या पाण्यात हात बुडवा आणि सोडा, देवी रागावत नाही. मी धावत घरी येऊन हे सांगितलं, तर आत्याने मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "दोरा त्याचा. गांठ आपली. त्यास काय ठाऊक?"

गाठ खरंच आपली होती. मराठी लग्नात कंकण बांधतात ती. तिच्या हातांना तेवढीच गाठ येत होती, म्हणून तमिळ देवीच्या दोऱ्याला तिने लग्नातल्या कंकणाची गाठ मारली होती. आणि त्या गाठीला आमच्या घराण्यात नियम आहे. नवऱ्याने सोडायची, तीही एकाच हाताने. म्हणजे दोरा सोडायला उत्सव संपायला हवा आणि गाठ सोडायला नवरा हवा, आणि दोन्ही उरले नव्हते. दोन धर्मशास्त्रं एका मनगटावर अशी आवळली होती की वकिलालाही फट सापडली नसती.

याच काळात आतोबांचं कपाट आवरताना मंदारैच्या सुक्या पानांचा एक गठ्ठा सापडला. मंदारै म्हणजे कांचन. तिरुनागेश्वरमच्या बाजारातून त्यांनी तो कधीतरी आणला असणार, माझ्या नाकावर टिच्चून. आत्या तो गठ्ठा घेऊन ओसरीवर बसली. पानांवर पाण्याचा हात फिरवला, नारळाच्या झावळीचे हीर तासले आणि पत्रावळ लावायला घेतली. पानावर पान, टाका इकडून घातला की तिकडून मोडला, सुई नाही की दोरा नाही. दहा मिनिटांत ताटाएवढी पत्रावळ तयार. मी तोंडात बोट घालून बघत होते.

"हें तुज येतें?"

"आईंनीं शिकविलें. तुझी चित्रें आलीं, मग कोण विचारतो?"

मी तिच्यावर गरम सार ओतलं, म्हणजे पत्रावळीवर. सार हा पदार्थ कुठल्याही पत्रावळीची अब्रू चव्हाट्यावर आणतो. पातळ, चिंचेचं आणि वाट काढण्यात पटाईत. आम्ही दोघी पत्रावळीवर वाकून बघत बसलो. सार तसंच राहिलं. जमिनीवर थेंब नाही. मला आनंदाने नाचावंसं वाटलं आणि मी नाचलेही. पन्नाशीच्या बाईने ओसरीवर नाचू नये असा काही नियम नाही.

त्या आठवड्यात मी कागदी माल परत पाठवला आणि दुकानावरची चित्रातल्या पानाची पाटी उतरवली. आमची गल्ली आणि चोळपुरम मिळून अकरा बायका जमल्या. साथीत कुणाचं घरकाम सुटलं होतं, कुणाचं हातमागावरचं. आत्या गुरू. रोज संध्याकाळी साराची परीक्षा व्हायची. जिची पत्रावळ गळेल तिने सगळ्यांचे पाय धुवायचे, कारण सार सगळ्यांच्या पायांवरच आलेलं असायचं. पहिले पंधरा दिवस आमची ओसरी चिंचेच्या वासाने दरवळत होती आणि मुंग्यांनी आम्हाला कुलदैवत मानलं होतं. माझी स्वतःची पत्रावळ शेवटपर्यंत गळली. मी हिशेबाला आणि भाषणाला.

मग पुढच्या महिन्यात, ऐप्पसीत, पहिलं मोठं काम आलं. सुंदरपेरुमाळ कोयिल नावाच्या खेड्यातल्या एका मुलीचं लग्न, गावातल्या मोठ्या मंगल कार्यालयात. मुलीच्या वडिलांना प्लास्टिकचा एक कपटाही नको होता. सगळ्या पंगती आमच्या पत्रावळींवर, आणि शिवाय मांडवाच्या दाराशी बसून आत्याने पाहुण्यांसमोर पत्रावळ लावायची. "तुमची ती आजी हवीच," ते म्हणाले. "ती नसेल तर मी केळीची पानंच घेतो." कार्यालयाच्या मालकाचा नियमही तितकाच सरळ होता. लस घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय कामाच्या माणसाला आत पाऊल टाकू देणार नाही.

हातात बारा दिवस होते. मी अकराजणींना ओसरीवर बसवून भाषण दिलं. आजार काय, लस काय, अफवा काय, आपली जबाबदारी काय. इतकं सुंदर बोलले की मलाच भरून आलं. दुसऱ्या दिवशी सातजणी कामावर आल्या त्या मनगटाला पिवळे दोरे बांधून. एकीला विचारलं, कुठल्या देवीचं? ती म्हणाली, "गुरूंनी बांधलंय तेच." गाठसुद्धा आत्याचीच. आत्याने पत्रावळ शिकवता शिकवता गाठही शिकवली होती. सात तमिळ मनगटांवर सात मराठी कंकणं, आणि ती सोडायला नवऱ्यांनी एकेका हाताने यायचं! मी हसले ते अर्धा तास. ओसरीला वाटलं, मला गंमत वाटतेय.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी आत्याशी भांडले. म्हणाले, तुझ्या हट्टापायी अकरा बायकांचं काम जाईल, उद्या परत कालव्यात चित्रं तरंगतील, आतोबांना काय वाटेल. आतोबांचं नाव काढायला नको होतं. आत्याने हातातला हीर खाली ठेवला.

"त्यांस मिळालें नाहीं," ती म्हणाली. "तीन माणसांनीं चुकलें. तें मी जाऊन घेऊं? त्यांच्या आधीं मी कधीं पान घेतलें नाहीं. आतां घेऊं?"

 मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आणि तुझें कुठें झालें आहे?"

"झालंय की!"

"गेल्या महिन्यांत घेतलें म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशीं दोन्ही हातांनीं पाण्याचा हंडा उचललास. समोरच्या सरस्वतीच्या देवळांतली बाई तर टोंचून आल्यावर तीन दिवस वेणी घालूं शकली नाहीं. मज अस्कें दिसतें, हंडाहि नि वेणीहि."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाण निदान गप्प तरी असतो. मला हसू यायला लागलं. पोटातून वर येत होतं आणि मी ओठ दाबून धरत होते. आणि मग त्या हसण्याबरोबरच बाकीचंही बाहेर आलं. मी तिला फोन सांगितला. शब्दन् शब्द सांगितला. दोघी घ्या. उद्यांवर टाकूं नका. हसतेस काय, गाढवे. आणि हेही सांगितलं की निरोप मी दाबून ठेवला तो तिच्या दुःखासाठी नाही, माझ्या दंडासाठी.

आत्याने खाली ठेवलेला हीर उचलला आणि परत ठेवला. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार, आणि तिने काढायलाच हवं. मग तिने विचारलं, "गाढवे म्हणाले?"

"हो."

"दम लागला असतां?"

"हो."

"म्हणजे शुद्धींत होते," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून आत भाताकडे गेली. मला रागावली नाही, माफही केलं नाही. मी ओसरीवरच बसून राहिले. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

सकाळी मी तिला न सांगता निघाले. शिबिर अरसलार नदीच्या पलीकडे एका शाळेत होतं. पुलावरच माझं हसू सुरू झालं. रांगेत मी हसत होते, टोकन घेताना हसत होते, खुर्चीत बसले तेव्हा तर खुर्ची हलत होती. नर्स तरुण होती आणि रोजच्या कामाने करवादलेली. "अक्का, हसा, पण दंड तेवढा हलवू नका," ती म्हणाली. मी म्हणाले, माझा इलाज नाही, ही भीती आहे. तिने सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मग एक करू. मीही हसते," असं म्हणून ती खरोखरच हसायला लागली. मागची रांग हसायला लागली. टोकन वाटणारा गृहस्थ काय झालं म्हणून बघायला आला आणि कारण न कळताच हसायला लागला. त्या गोंधळात तिने सुई कधी टोचली ते मला कळलंच नाही. मी पडलेही नाही. शाळेच्या बाकावर अर्धा तास बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की मी पडले नाही.

घरी आले. आत्या पानांवर पाण्याचा हात फिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी डावा हात वर जाईना. दंड टणक झालेला, अंगात कणकण. विहिरीवरचा हंडा उचलायला गेले आणि "आई गं" म्हणून तसाच ठेवला. आत्या दारातून बघत होती. ती पुढे आली, माझा दंड बोटाने दाबला. मी किंचाळले. तिची खात्री पटली.

मग ती ओसरीवर बसली आणि मनगट माझ्यापुढे केलं.

"सोड."

"मी? अगं, नवऱ्याने सोडायची ना?"

"निरोप तुजपाशीं दिला ना त्यांनीं? मग गांठहि तूंच सोड. पण एका हातानें. नियम तो नियम."

"मला आज एकच हात आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतें."

मी उजव्या हाताने गाठीला भिडले. चार महिन्यांची गाठ ती. हळद, चिंच, पत्रावळींचं पाणी पिऊन लाकडासारखी झालेली. अंगठा घालून बघितला, नख घालून बघितलं. गाठ ढिम्म. कामावर येणाऱ्या बायका एकेक करून जमल्या आणि सूचना द्यायला लागल्या. तेल लाव. थुंकी लाव. कात्री आणू का, असं एकीने विचारलं तर बाकीच्या तिच्या अंगावर धावल्या. आत्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसत होती.

"आमच्या लग्नांतहि असेंच," ती म्हणाली. "यांस सुटेना. अस्के वऱ्हाडी बघत होते. शेवटीं यांनीं दांत लावले."

"दात चालतात?"

"तेव्हां चालले."

मग मी वाकून आत्याच्या मनगटाला दात लावले. अकरा बायकांदेखत, अंगात ताप, डावा हात लुळा, तोंडात हळदीचा दोरा. हळद, चिंच आणि तिच्या हाताला नेहमी येणारा सुक्या पानांचा वास. गाठ पहिल्यांदा करकरली, मग एक पदर निघाला, मग दुसरा. दोरा माझ्या तोंडात आला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. सातही जणींनी आपापली मनगटं चटकन पदराआड नेली. बहुतेक माझ्या दातांना घाबरून. त्यांतल्या पाचजणींनी संध्याकाळपर्यंत घरी जाऊन सोडून घेतली, उरलेल्या दोघींना मी दुसऱ्या दिवशी नुसते दात दाखवले.

आत्या तशीच उठली. साडी बदलली नाही, गुडघ्यांचं नाव काढलं नाही. आम्ही दोघी अरसलारच्या पुलावरून चालत गेलो. पुलाच्या मध्यावर तिने सुटलेला दोरा पाण्यात सोडला आणि वाहत जाईपर्यंत बघत राहिली. शिबिरात टोकन देणाऱ्याने मला ओळखलं आणि लगेच हसायला सुरुवात केली. त्याने आत्याच्या हातात चिठ्ठी दिली. तिने ती डोळ्यांजवळ धरली, उलटी करून बघितली, आकडा वाचला.

"मिळालें," ती म्हणाली. मला नाही, कुणालाच नाही.

खुर्चीत ती ताठ बसली. नर्स "पाटी, घाबरू नका" म्हणाली. पाटीला, म्हणजे आजीला, काही झालं नव्हतं, भीती सगळी माझ्याकडे होती. सुई जवळ आली आणि माझ्या पोटातून ते हसू निघालं. मी तोंडावर हात दाबला, कारण आतोबांच्या फोनवर मी हसले तेव्हा समोर आत्याच उभी होती. तिने दुसऱ्या हाताने माझा हात तोंडावरून काढला.

"हस," ती म्हणाली. "मोठ्यानें हस. त्यांस कळूं दे, आम्ही दोघी आलों म्हणून."